त्यांनी कवींची नावं झाकली आणि केंब्रिजची हुशार पोरं नापास झाली

दहावीच्या मराठीच्या पेपरातला रसग्रहणाचा प्रश्न आठवतोय?

कवितेच्या ओळी दिलेल्या असायच्या आणि आपण लिहायचो. सदर कवितेत कवीने अतिशय सुंदर शब्दांत भावना व्यक्त केल्या आहेत. भाषा साधी, सोपी आणि ओघवती आहे. कविता मनाला भिडते. पाठ केलेलं हे गाईडमधलं उत्तर कुठल्याही कवितेला चालायचं, आणि मार्कही पडायचे.

पण कविता आपल्याला खरंच कळली होती का?

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका मास्तरांना पडला होता. त्यांचं नाव आयव्हर आर्मस्ट्राँग रिचर्ड्स, जगभर ओळखले गेले ते आय. ए. रिचर्ड्स म्हणून.

त्यांचा जन्म २६ फेब्रुवारी १८९३ चा, चेशर परगण्यातल्या सँडबॅक गावचा. शाळेत असतानाच क्षयरोगाने गाठलं. त्यातून उठल्यावर डोंगर चढायचं वेड लागलं, ते आयुष्यभर सुटलं नाही. केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात ते शिकले तत्त्वज्ञान. इंग्रजी साहित्याची पदवी त्यांच्याकडे नव्हतीच.

मग साहित्याचे मास्तर झाले कसे?

किस्सा असा सांगतात की १९१९ साली त्यांना स्कॉटलंडच्या स्काय बेटावर गिर्यारोहकांचा वाटाड्या व्हायचं होतं. तिकडच्या लोकांसाठी ओळखीच्या चिठ्ठ्या मागायला ते मॅन्सफिल्ड फोर्ब्स या प्राध्यापकांकडे गेले. गप्पा वर्डस्वर्थच्या कवितेवर घसरल्या, आणि शेवटी फोर्ब्स म्हणाले की डोंगर राहू दे, तू इथे शिकव.

केंब्रिजमध्ये इंग्रजी साहित्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम तेव्हा नुकता, म्हणजे १९१७ साली सुरू झाला होता. या नव्या विषयासाठी रिचर्ड्सना पगार द्यायला कोणी तयार नव्हतं. वर्गात येणाऱ्या पोरांकडूनच फी गोळा करायची, असा सगळा मामला. आजच्या भाषेत सांगायचं तर तासिका तत्त्वावरचे मास्तर.

पण या मास्तरांनी वर्गात जे केलं त्याने साहित्य शिकवण्याची पद्धतच बदलली.

१९२० च्या दशकात त्यांनी एक प्रयोग सुरू केला. छापील कविता विद्यार्थ्यांच्या हातात द्यायच्या. कवीचं नाव नाही, साल नाही, जुन्या कवितेचं स्पेलिंगसुद्धा आजच्यासारखं करून टाकलेलं. एक आठवडा घरी वाचा आणि जे वाटेल ते लिहून आणा. कविता किती वेळा वाचली तेही लिहा. स्वतःचं नाव घालायची सक्ती नाही, त्यामुळे मास्तरांना काय आवडेल याची भीतीही नाही.

पुढच्या आठवड्यात रिचर्ड्स त्या कवितांवर आणि आलेल्या कागदांवर वर्गात बोलायचे.

हे लिहिणारे काही ऐरेगैरे नव्हते. बरेचसे इंग्रजी साहित्य घेऊन पदवी करणारे, देशातल्या चांगल्या शाळांतून आलेले. आळशीपणाही नव्हता, बहुतेकांनी प्रत्येक कविता निदान चारदा तरी वाचलेली.

तरीही निकाल धक्कादायक लागला.

जॉन डन आणि जेरार्ड हॉपकिन्स हे आज इंग्रजीतले मोठे कवी मानले जातात. त्यांच्या कवितांना नापसंती दाखवणारे पसंती दाखवणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले. लाँगफेलो त्या काळी घरोघरी माहीत होता, पण नाव झाकल्यावर त्याची कविता जवळपास सगळ्यांनी झिडकारली. आणि ज्यांचं नाव आज कोणाला आठवणार नाही अशा काही कवींना भरभरून दाद मिळाली.

म्हणजे एरवी आपण दाद कवितेला देतो की नावाला?

रिचर्ड्सच्या जागी दुसरा कोणी असता तर पोरांना दगड म्हणून मोकळा झाला असता. वर्गाबाहेर जाऊन हसला असता. रिचर्ड्सनी तसं केलं नाही. डॉक्टर जसा पेशंटचा रिपोर्ट बघतो तसे त्यांनी ते कागद वाचले. किती मार्क द्यायचे हा त्यांचा प्रश्न नव्हता. वाचणारा नेमका कुठे अडखळला, हा होता.

१९२९ मध्ये हे सगळं 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या पुस्तकात आलं. त्यात तेरा कविता होत्या आणि वाचकाच्या दहा अडचणी.

पहिलीच अडचण सगळ्यात साधी होती. पोरांना कवितेचा सरळ अर्थच लागत नव्हता. वाक्यातला कर्ता कोण, क्रियापद कुठलं, इथेच गाडी अडत होती. अर्थ न लागताच प्रतिमा, लय, भावना यांवर पानंच्या पानं लिहिली जात होती.

बाकीच्या अडचणीही ओळखीच्या वाटतील. कविता वाचून स्वतःचीच जुनी आठवण येणं आणि मग त्या आठवणीवरच लिहीत बसणं. आई, मृत्यू, देव असा विषय दिसला की ठरलेली प्रतिक्रिया देणं. कवीची मतं पटत नाहीत म्हणून कविताच वाईट ठरवणं. यमक जुळलं नाही की मार्क कापणं.

एक उदाहरण बघा. डी. एच. लॉरेन्सच्या एका कवितेत गाणं ऐकता ऐकता माणसाला लहानपण आठवतं, पियानो वाजवणारी आई आठवते आणि तो रडतो. अनेकांनी ही रडकी कविता म्हणून निकाल लावला. पण तो माणूस त्या आठवणीशी झगडतोय, वाहून जायचं नाही म्हणून धडपडतोय, हे कवितेतच लिहिलेलं आहे. रडणं सगळ्यांना दिसलं, झगडा बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटला.

यावर त्यांनी वाचनासाठी एक चौकटही दिली. शब्दांचा अर्थ काय, विषयाबद्दलची भावना काय, ऐकणाऱ्याशी बोलण्याचा सूर कसा आणि यातून साधायचं काय आहे. हे चार प्रश्न वेगवेगळे विचारा, मग मत द्या.

त्यांच्याच हाताखाली विल्यम एम्पसन नावाचा पोरगा शिकला. एकेका ओळीत किती अर्थ दडलेले असतात यावर त्याने १९३० मध्ये पुस्तक काढलं आणि चोविसाव्या वर्षी नाव कमावलं. पुढे न पाहिलेली कविता देऊन तिच्यावर लिहायला लावणारा प्रश्न इंग्लंडच्या परीक्षांत कायमचा बसला.

टीकाही झाली. कवी आणि काळ दोन्ही काढून घेतले तर डनसारख्या सतराव्या शतकातल्या माणसाची कविता कळणार कशी, असं लोकांनी विचारलं. हा आक्षेप खोटा नाही. संदर्भाशिवाय काही दारं उघडत नाहीत.

पण रिचर्ड्स केंब्रिजला चिकटून बसले नाहीत. १९२८ मध्ये पत्नी डोरोथी पिली हिच्यासोबत त्यांनी आल्प्समधल्या दां ब्लांश शिखराची उत्तरेकडची धार पहिल्यांदा चढून दाखवली. पुढच्या वर्षी पेकिंगला शिकवायला गेले. साध्या इंग्रजीचा चीनमध्ये प्रसार केला. १९३९ पासून हार्वर्डमध्ये शिकवलं. १९७९ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, पुन्हा चीनला गेले, तिथेच आजारी पडले आणि ७ सप्टेंबरला केंब्रिजमध्ये वारले.

आज आपल्याकडे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मास्तरांपुढे गठ्ठा असतो आणि वेळ कमी असतो. त्यात गाईडमधली गुळगुळीत वाक्यं पटकन मार्क घेऊन जातात. एखाद्या पोरीने प्रामाणिकपणे लिहिलं की ही ओळ मला कळली नाही, पण इथे कवी चिडलाय असं वाटतं, तर तिचे मार्क जाण्याची भीती जास्त.

रिचर्ड्सच्या हातात ते दोन कागद पडले असते, तर ते थांबले असते दुसऱ्यापाशी. कारण पहिल्या कागदावर वाचणारं कोणी नाहीच. दुसऱ्यावर आहे, आणि तिला शिकवता येतं.