सूमोवीर फुताबायामा : डाव, दोष आणि धीर

आपल्या मॉरिशसमधल्या मराठी घरांत कुस्ती म्हटली की आखाडा, लाल माती आणि चीतपट हे शब्द आपोआप तोंडी येतात. जपानची कुस्ती वेगळी. तिला सूमो म्हणतात. तिथे पाठ टेकवावी लागत नाही. मातीच्या ओट्यावर पेंढ्याच्या दोराचे गोल रिंगण असते. तळपायाखेरीज अंगाचा कोणताही भाग जमिनीला लागला किंवा पाऊल रिंगणाबाहेर पडले की मल्ल हरला. बहुतेक लढती काही क्षणांतच संपतात. लढत संपली की विजय कोणत्या डावाने मिळाला, ते नाव घेऊन जाहीर केले जाते. हे डाव कळायचे असतील तर फुताबायामा या मल्लाचे चरित्र जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

त्याचे मूळ नाव अकियोशी सादाजी. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी जपानच्या क्यूशू बेटावर, ओइता प्रांतातील उसा भागात त्याचा जन्म झाला. पाचसहा वर्षांचा असताना खेळता खेळता एका सवंगड्याच्या फुंकनळीतला बाण त्याच्या उजव्या डोळ्याला लागला आणि त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेलीच. पुढे वडिलांच्या मालवाहू बोटीवर काम करताना उजव्या हाताची करंगळी यंत्रात सापडून तुटली. वडिलांच्या धंद्यात खोट आली होती. अशा घरचा हा मुलगा १९२७ साली तोक्योला तात्सुनामी नावाच्या तालमीत दाखल झाला आणि त्याच वर्षी रिंगणात उतरला. चंदनाचा सुगंध त्याच्या पहिल्या दोन पानांपासूनच येतो, अशा अर्थाची एक म्हण जपानात आहे. तिच्यातल्या जोडपानांवरून त्याला फुताबायामा हे नाव मिळाले. आपण बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतो, तसेच हे.

पण या बाळाचे पाय पाळण्यात फारसे दिसले नाहीत. तो हळूहळू चढत गेला. जानेवारी १९३२ मध्ये सुधारणा मागत बरेच मल्ल संघटना सोडून गेले. त्यांच्या रिकाम्या जागा भरताना त्याला वरच्या वर्गात घेण्यात आले. अंगाने तो अजून हलका होता. मोठे मल्ल त्याला रेटत रिंगणाच्या काठापर्यंत नेत. तिथे मात्र तो पाय रोवून मागे वाके आणि समोरच्याला आपल्या अंगावरून फिरवून बाहेर टाकी. या डावाला उच्चारी म्हणतात. पाहणाऱ्यांना मौज वाटे, पण जाणते मल्ल नाके मुरडीत. काठावर येईपर्यंत रेटला जाणारा मल्ल खरा बलवान कसा, असा त्यांचा सवाल होता.

काठावर उभे राहण्याच्या या सवयीनेच त्याची कंबर आणि पाय घट्ट झाले. अंग भरले तसा त्याचा खेळ बदलला. आता दोन डाव त्याचे खास झाले. पहिला योरीकिरी, म्हणजे कंबरेचा पट्टा धरून छातीला छाती लावून समोरच्याला पावलापावलाने बाहेर ढकलणे. दुसरा उवातेनागे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हातावरून हात नेऊन पट्टा पकडायचा आणि त्याला फिरवून आडवे करायचे. लढत सुरू करण्यासाठी त्याने कधी खळखळ केली नाही. समोरचा ज्या क्षणी उठेल त्या क्षणी त्याच्याबरोबर उठायचे, त्याचा मारा अंगावर घ्यायचा आणि पकड मात्र आपल्या मनाजोगती बसवायची, ही त्याची रीत. एका डोळ्याने कमी दिसणाऱ्या माणसाने धावपळीवर नव्हे, तर अंगाच्या स्पर्शावर भिस्त ठेवली. डोळ्याची गोष्ट मात्र निवृत्त होईपर्यंत त्याने गुप्त ठेवली.

जानेवारी १९३६ च्या स्पर्धेत सहाव्या दिवशी तो योकोझुना तामानिशिकीकडून हरला. सातव्या दिवसापासून जिंकू लागला तो थांबेचना. त्या काळी वर्षाला दोनच मोठ्या स्पर्धा होत. हिशेब सोपा आहे. त्या स्पर्धेतले उरलेले ५ विजय, पुढच्या दोन स्पर्धांचे प्रत्येकी ११, मग स्पर्धा तेरा दिवसांची झाल्यावर तीन स्पर्धांचे प्रत्येकी १३. बेरीज ६६. जानेवारी १९३९ च्या स्पर्धेतले पहिले तीन दिवस धरले की ६९. तीन वर्षे एकही हार नाही. या काळात तो पस्तिसावा योकोझुना झाला. योकोझुना म्हणजे सूमोतील सर्वोच्च पद.

१९३८ मध्ये चीन व मांचुरियाच्या दौऱ्यात त्याला आमांशाने गाठले आणि वजन खूप उतरले. तरी तो जानेवारीत उतरलाच. तिकडे देवानोउमी तालमीचे मल्ल त्याला हरवण्याचा अभ्यास करीत होते. विद्यापीठात शिकलेला कासागियामा हा त्यांचा सल्लागार. फुताबायामाची उजवी बाजू कच्ची आहे, तिथे पायावर घाला घालावा, असा त्यांचा कयास होता. १५ जानेवारी १९३९, चौथा दिवस. त्याच तालमीचा तरुण आकिनोउमी त्याच्याशी प्रथमच भिडला. त्याने सोतोगाके, म्हणजे आपली बाहेरची टांग, फुताबायामाच्या उजव्या पायाला लावली आणि तो अजिंक्य मल्ल मातीवर आला. प्रेक्षागृहात बसायच्या गाद्या उडू लागल्या. फुताबायामाने मात्र नेहमीसारखेच लवून वंदन केले आणि तो शांतपणे निघून गेला.

चिनी ग्रंथात झुंजीच्या कोंबड्याची एक कथा आहे. शिकवून शिकवून तो असा स्थिर होतो की लाकडाचा वाटावा, आणि त्याला पाहूनच इतर कोंबडे पळ काढतात. आपल्याला अजून तो लाकडी कोंबडा होता आले नाही, अशा आशयाची तार फुताबायामाने त्या हारीनंतर आपल्या स्नेह्याला पाठवली. मन मात्र लगेच सावरले नाही. पुढच्या दोन दिवसांतही तो हरला. सबंध स्पर्धेत त्याला चार पराभव पत्करावे लागले. पण मे १९३९ मध्ये प्रथमच पंधरा दिवसांची झालेली स्पर्धा त्याने पंधराच्या पंधरा लढती मारून जिंकली. आकिनोउमी पुढे स्वतः योकोझुना झाला, पण फुताबायामाला पुन्हा कधीही हरवू शकला नाही. एकूण १२ अजिंक्यपदे मिळवून फुताबायामा नोव्हेंबर १९४५ मध्ये निवृत्त झाला.

त्याचे पुढचे पाऊल एकदा घसरलेही. युद्धात हरलेल्या देशात तो एका नव्या पंथाच्या नादी लागला आणि जानेवारी १९४७ मध्ये कानाझावा येथे पोलिसांशी झटापट होऊन त्याला अटक झाली. लवकरच सुटका झाली, पंथही सुटला. पुढे तोकित्सुकाझे या नावाने तो तालीम चालवू लागला, आणि १९५७ पासून सूमो संघटनेचा अध्यक्ष झाला. त्याच्या कारकिर्दीत मल्लांना मासिक वेतन सुरू झाले. १९५८ पासून वर्षाला सहा स्पर्धा होऊ लागल्या. पूर्वी नात्यातल्या तालमींचे मल्ल एकमेकांशी लढत नसत. १९६५ पासून एका तालमीतले मल्ल सोडून सर्वांना सर्वांशी लढावे लागू लागले. विजयाच्या डावांची अधिकृत यादीही १९६० मध्ये सत्तर नावांची ठरली. २००१ मध्ये ती ब्याऐंशीवर गेली. १६ डिसेंबर १९६८ रोजी, छप्पन्न वर्षांचा असताना, अध्यक्षपदी असतानाच तो निवर्तला.

२०१० मध्ये मंगोलियात जन्मलेला हाकुहो ६३ विजयांपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. फुताबायामाची चाल त्याने अभ्यासली होती. ६९ चा आकडा मात्र अजून कोणी ओलांडलेला नाही.

आम्ही शिक्षक मंडळी मुलांना गुणांचे आकडे फार सांगतो. पण ६९ या आकड्याइतकेच त्याच्या पुढचे दिवसही मुलांना सांगावे, असे आम्हांस वाटते. ज्याला रेटीत काठावर नेले, त्याने काठावरच उभे राहायला शिकून घेतले. ज्याचा दोष प्रतिस्पर्ध्यांनी हेरला, त्याने दोषाचे निमित्त सांगितले नाही. तीन दिवस लागोपाठ हरूनही तो चार महिन्यांनी पुन्हा रिंगणात उतरला, आणि एकही लढत हरला नाही. परीक्षेत एकदा मागे पडलेल्या आपल्या मुलामुलींना याहून चांगली गोष्ट सांगता येईल काय?