सावित्रीमाईंची पत्रे आणि आपल्या घरातील पेट्या

क्रांतीज्योती सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातील नायगावचा. १८४० साली जोतीरावांशी विवाह झाला, अक्षरओळख सासरी झाली. शिक्षिकेचे प्रशिक्षण त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिस सिंथिया फरार यांच्याकडे घेतले असे चरित्रकार सांगतात. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली आणि शेणमातीचा मारा झेलत माई शिकवू लागल्या. १८६३ चे बालहत्या प्रतिबंधक गृह असो की १८७३ चा सत्यशोधक समाज, त्या प्रत्येक कामात उभ्या होत्या. १८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे धरून त्याच पुढे चालल्या. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखाना गाठला. त्याच रोगाने १० मार्चला त्यांचा अंत झाला.

१८६८ साली नायगावहून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. ब्राह्मण तरुण आणि महार मुलगी यांच्या प्रेमापायी गाव दोघांना ठार मारायला निघाले होते. माईंनी इंग्रजी कायद्याचा धाक घालून त्यांचे प्राण वाचवले. ते पत्र टिकले, १९८८ साली डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयातून घराघरांत गेले. म्हणूनच ही घटना आज आपल्याला ठाऊक आहे.

पण टिकले ते किती थोडे! दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्या पश्चात त्यांची पत्नी निराधार झाली, राहते घर विकले गेले, जोतीरावांची पुस्तके रद्दीत गेली, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. दुसरीकडे, फरारबाई ज्या अमेरिकन मिशनच्या होत्या, त्या मिशनचे दप्तर हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात जपलेले आहे. फरक श्रद्धेचा नाही, व्यवस्थेचा आहे.

वकिलीत रोज दिसते, अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातील एक ओळ नातवाचे शिक्षण वाचवते. समाजाच्या इतिहासाचेही तसेच आहे. धम्मदीक्षेची पत्रके, वसतिगृहांच्या हजेऱ्या, सभांची इतिवृत्ते, कार्यकर्त्यांची पत्रे नगर जिल्ह्यात घरोघरी पेट्यांत वाळवी खात पडली, तर उद्या आपली बाजू कोण मांडणार?

नगरची महाविद्यालये ज्या पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याला २०१४ पासून माईंचेच नाव आहे. त्या विद्यापीठाने आपल्या कुटुंबांचे कागद आणि महाविद्यालयांची जुनी रजिस्टरे रीतसर स्वीकारावीत. देणाऱ्याने यादी करावी, पोच घ्यावी, कोण पाहू शकेल हे दानपत्रात लिहून घ्यावे. जयंतीला हार घालणाऱ्यांनो, त्याआधी घरातील पेटी उघडा!

जयभीम! जय सावित्री!