देवळालीच्या मास्तरांची बाकी

आमच्या बोदवडहून रेल्वेने मुंबईला निघालं, की नाशिकरोड मागे पडताच देवळाली लागते. तिथल्या शाळेत १९३० ते १९६२ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर मास्तर होते. जन्म डहाणूचा, १९०५ चा.

हाच आकडा घ्या. अंक उतरते मांडा, ९५१०. चढते मांडा, ०१५९. वजाबाकी ९३५१. पुन्हा तसंच करा. सातव्या वजाबाकीला ६१७४ येतात, आणि मग तेच येत राहतात. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या फार तर सात वजाबाक्यांत इथेच पोचते!

मास्तरांनी हे १९४९ साली मांडलं. पण शाळामास्तरांचा आकड्यांचा खेळ म्हणून आपल्याकडच्या अनेक विद्वानांनी दुर्लक्ष केलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. १९८६ मध्ये मास्तर गेले.

बँकेत मी जन्मभर वजाबाक्या केल्या, पण इतकी देखणी बाकी कधी हाती लागली नाही. आज जेवणं झाली, की नातवंडांना घेऊन करून पाहा.