बाळाला डाळ पचते का? डॉ. कमला सोहोनी यांची गोष्ट



मी मुर्रीला पहिली-दुसरीचे वर्ग शिकवते. आपला गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा. धान कापणीचे दिवस आले की आया भल्या पहाटे बांधीवर जातात आणि तान्ही लेकरं आजीजवळ राहतात. अशाच एका आजीच्या मांडीवर आठ महिन्यांचं बाळ होतं. वाटीत नुसती भाताची पेज होती, तीही वरवरचं पाणी. डाळ का घालत नाही, असं मी विचारलं. डाळ लेकराला पचत नाही, पोट फुगतं, असं आजीचं म्हणणं पडलं. मी तिला चार शब्द ऐकवले. अडाणीपणा वगैरे मनात आलं ते बोलूनही गेले.

पुढे डॉ. कमला सोहोनींबद्दल वाचलं आणि कळलं, आजी अर्धी बरोबर होती. म्हणून आज ही गोष्ट तुम्हाला सांगते.

कमला भागवत यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या मोठ्या बहीण, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्र शिकलेले, तेही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत. त्यामुळे मुलीनेही तिथेच जायचं, हे घरात जवळजवळ ठरलेलंच होतं. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. त्यांनी पहिल्या क्रमांकाने पूर्ण केली आणि बंगळूरला अर्ज पाठवला.

अर्ज नाकारला गेला. कारण एकच, उमेदवार मुलगी आहे. संस्थेचे संचालक होते नोबेल मिळालेले सी. व्ही. रामन. आता विचार करा, बावीस वर्षांची मुलगी, समोर देशातला सगळ्यात मोठा शास्त्रज्ञ. कमला बंगळूरला गेल्या, रामन यांना भेटल्या, मागे हटायला तयार झाल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी म्हणून धरल्या जाणार नाहीत, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावं लागेल, आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. तिसरी अट तर निव्वळ अपमानाची होती. ती त्यांनी गिळली, विसरल्या मात्र नाहीत. वर्षभरानंतर रामन यांनी त्यांना नियमित प्रवेश दिला आणि मग इतर मुलींसाठीही संस्थेचं दार उघडलं. हा प्रसंग वर्गात सांगताना मुलींइतकाच मुलांनाही सांगा, बरं का.

बंगळूरला श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी काम केलं ते दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर. आपल्या देशातल्या गरिबाच्या ताटात मांस-मच्छी रोज नसते, प्रथिनं मिळायची ती यातूनच. १९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्यावर त्या केंब्रिजला गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना, सायटोक्रोम सी हा पदार्थ वनस्पतींच्या पेशींतही असतो, हे त्यांनी दाखवून दिलं. प्राण्यांप्रमाणे वनस्पतींच्या पेशीही श्वसन कसं करतात, हे समजण्यासाठी तो शोध महत्त्वाचा होता. १९३९ ला पीएच.डी. मिळाली, प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा.

इथे सामान्यज्ञानवाल्यांसाठी एक सूचना. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून कमलाबाईंचं नाव सर्रास लिहिलं जातं. पण जानकी अम्माल यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ मध्येच मिळाली होती. तेव्हा प्रश्नपत्रिका काढताना जपून.

परदेशात राहता आलं असतं, तरी त्या परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केलं. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. तिथल्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. माझ्या मते त्यांचं आपल्या कामाचं खरं संशोधन इथून सुरू होतं.

आता आजीच्या डाळीकडे येऊ.

आपण प्रथिनं खाल्ली की आतड्यात ट्रिप्सिन नावाचं विकर त्यांचे तुकडे करतं. तुकडे झाले तरच ती अंगी लागतात. कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी आपल्याकडची धान्यं-कडधान्यं एकेक करून तपासत होते. त्यांना असं दिसलं की काही कडधान्यांत या ट्रिप्सिनलाच अडवणारा पदार्थ असतो. वालातून, म्हणजे ज्याला आपण विदर्भात पोपट म्हणतो त्यातून, हा पदार्थ त्यांनी स्फटिकरूपात वेगळा काढला. १९५५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ते संशोधन प्रसिद्ध झालं.

याचा घरातला अर्थ काय? कडधान्य कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं असेल तर त्यातली प्रथिनं पोटात जाऊनही वाया जातात. पण अशा अडवणाऱ्या पदार्थांचा जोर नीट शिजवल्यावर बराचसा मोडतो. भिजवा, भरपूर पाण्यात मऊ शिजवा, घोटा. म्हणजे आजीने कधीतरी कचवट डाळ भरवली असणार, लेकराचं पोट दुखलं असणार, आणि तिने डाळच बंद केली. चूक डाळीची नव्हती, चुलीवरच्या वेळेची होती. आणि डाळ बंद झाली की नुकसान दुहेरी. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन कमी, डाळीत ते भरपूर. दोन्ही एकत्र आले तर एकाची उणीव दुसरं भरून काढतं. नुसत्या पेजेच्या पाण्यात यातलं फारसं काहीच नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा बाळाच्या वाटीचा पुढच्या आयुष्याशी काय संबंध? पोटातले नऊ महिने आणि जन्मानंतरची दोन वर्षं, असे साधारण हजार दिवस होतात. या दिवसांत खुंटलेली उंची नंतर भरून काढणं फार अवघड जातं. मेंदूची बहुतेक वाढही याच काळात होते. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून गरोदर मातांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच लहान, तरी अंगातली चरबी त्या मानाने राखलेली. ज्या मातांच्या रक्तात ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे नेणारी लक्षणं सर्वांत जास्त दिसली. सहावं वर्ष म्हणजे आपली पहिली! आपल्याकडे पोर येतं तोवर पायाभरणी होऊन गेलेली असते.

कमलाबाईंचं सर्वांत गाजलेलं काम नीरेवरचं. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सुचवण्यावरून ते सुरू झालं. सूर्य उगवायच्या आत उतरवलेला झाडाचा ताजा रस म्हणजे नीरा. ऊन लागलं की ती आंबते, मग ती ताडी. नीरेतली जीवनसत्त्वं आणि लोह त्यांनी तपासलं. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात ती दिल्यावर तब्येत सुधारलेली दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. (हे वाचून तान्ह्या बाळाला नीरा पाजू नका. सहा महिने फक्त आईचं दूध, त्यानंतर दुधासोबत मऊ वरचं अन्न.) आरे दुग्धप्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत सल्ला दिला.

एवढं असूनही विज्ञान संस्थेचं संचालकपद त्यांना चार वर्षं उशिरा मिळालं. १९६६ मध्ये ग्राहक मार्गदर्शन संस्था स्थापन करणाऱ्या नऊ महिलांत त्या होत्या, आणि अन्नातली भेसळ गृहिणीला घरच्या घरी कशी ओळखता येईल, हे शिकवत राहिल्या. ‘आहार-गाथा’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या.

पेज पिणारं ते बाळ आता माझ्या वर्गात आहे. वर्गात सगळ्यांत बुटकं, दुपारी खिचडी खाल्ली की जरा तरतरी येते. त्याची धाकटी बहीण सध्या नऊ महिन्यांची आहे. मी मागच्या आठवड्यात त्या घरी गेले. आधी आजीची माफी मागितली. मग डाळ रात्री भिजवून किती शिट्ट्या घ्यायच्या यावर आम्ही दोघी बराच वेळ बोललो. तिच्याकडे कुकर नाही, हे मला तेव्हा कळलं. मग भगुण्यात झाकण ठेवून, बोटाने दाबली की पीठ व्हावी इतकी शिजवायची, असं ठरलं.