‘वंदे मातरम्’ बँडवर आणणारे मास्तर कृष्णराव

राष्ट्रगीत केवळ गाता येऊन भागत नाही, ते बँडवर वाजवताही आले पाहिजे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पुढे आलेल्या या निकषावर ‘वंदे मातरम्’ उतरावे, यासाठी मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी आपली प्रतिष्ठा पणाला लावली.

देवाची आळंदी येथे १८९८ मध्ये जन्मलेले कृष्णराव हे गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचे शिष्य. मैफलीचे गायक म्हणून नावारूपाला आल्यावर त्यांनी प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’, ‘माणूस’, ‘शेजारी’ या चित्रपटांना आणि १९४२ च्या ‘कुलवधू’ नाटकाला संगीत दिले.

‘वंदे मातरम्’ ते झिंझोटी रागात गात. परकीय राजवटीत मुंबई आकाशवाणीवर हे गीत गाण्यास मज्जाव झाल्याने त्यांनी रेडिओवर बहिष्कार घातला आणि अनेक वर्षे त्या उत्पन्नावर व प्रसिद्धीवर पाणी सोडले.

१९४७ मध्ये न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या समारंभात ‘जन गण मन’ वाद्यवृंदावर वाजले आणि त्याची प्रशंसा झाली. ‘वंदे मातरम्’ मात्र वाद्यवृंदाला, विशेषतः परदेशी वादकांना, अवघड जाईल, असे पंतप्रधान पंडित नेहरू यांचे मत होते.

लष्करी संचलनगीत सहसा बँडसाठीच जन्माला येते. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीवरील विजयानंतर सर्बियाचे लष्करी संगीतकार स्टानिस्लाव बिनिचकी यांनी रचलेले ‘मार्श ना ड्रिनू’ हे त्याचे उदाहरण. कृष्णरावांपुढील काम याच्या उलट होते. शब्द ठरलेले, राग ठरलेला. त्यांना पावलांच्या ठेक्यात बसवायचे होते. मुंबईतील बँडवादनाच्या जाणकारांच्या साहाय्याने त्यांनी पाश्चात्त्य स्वरलेखन करवून घेतले, ध्वनिमुद्रण केले आणि दिल्लीत संविधान सभेच्या सदस्यांना ही चाल ऐकवली.

२४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत असल्याचे आणि ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान राहील, असे जाहीर केले. कृष्णरावांची मागणी पूर्ण झाली नाही. पण रागदारीतील गीत बँडवर वाजू शकते, हे त्यांनी प्रत्यक्ष वाजवून दाखवले होते.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या इच्छेनुसार त्यांनी पाली भाषेतील बुद्धवंदना स्वरबद्ध केली. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.