मतांच्या मोजणीत न मावलेले अण्णा

बुधवारी रात्री आठ वाजले, की कोल्हापूरच्या पेठांपासून पार पाटण्यापर्यंत घरोघरचे कान रेडिओ सिलोनकडे लागत. कोणते गाणे कितव्या पायदानावर चढले, यावर घराघरांत पैजा लागत. ही आवड लावण्यात एका मराठी मंत्र्याचाही हात होता, हे आज गमतीचे वाटेल. १९५२ साली नभोवाणी खाते डॉ. बा. वि. केसकरांकडे आले. चित्रपटसंगीत त्यांना नावडते, त्यामुळे आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी ३ डिसेंबरला सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि श्रोत्यांच्या पत्रांचा पाऊस पडला. पुढे श्रोता संघांची पसंती आणि तबकड्यांचा खप यांवरून क्रमांक ठरू लागले.

या गीतमालेच्या १९५३ च्या वार्षिक यादीत अग्रस्थान मिळाले 'अनारकली'तील 'ये जिंदगी उसी की है' या गाण्याला. गायिका लता मंगेशकर, संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र नरहर चितळकर. साऱ्यांचे अण्णा.

नगर जिल्ह्यातील पुणतांब्याला १२ जानेवारी १९१८ रोजी जन्मलेल्या या मुलाने पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे गाण्याचे धडे घेतले. पण डोळ्यांपुढे स्वप्न होते नायक होण्याचे. 'नागानंद'मध्ये ती संधी मिळालीही. मात्र चित्रपट चालला नाही. मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका आणि हार्मोनियमची साथ यांवर दिवस काढले. मास्टर भगवान यांच्या 'सुखी जीवन'ने (१९४२) हिंदीत संगीतकार म्हणून दार उघडले. 'शहनाई', 'पतंगा', 'समाधी' आणि 'अलबेला' यांनी तर धमाल उडवली. पाश्चात्त्य ठेका आणि मराठी मातीतला ठसका यांचे लग्न त्यांनी बिनबोभाट लावून दिले. 'चितळकर' या नावाने ते स्वतः गातही.

आणि पारितोषिके? १९५४ मध्ये फिल्मफेअर पुरस्कार सुरू झाले. तेव्हा विजेते वाचकांच्या मतांवर ठरत. वीस हजारांहून अधिक वाचकांनी मते पाठवली. संगीताचा मान 'बैजू बावरा'साठी नौशादांना गेला, आणि तो योग्यच होता. अण्णांना मात्र पुढे 'आझाद', 'नवरंग'सारखी लोकप्रिय कामे करूनही ती बाहुली कधीच मिळाली नाही.

२७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत, चीन युद्धाच्या जखमा ओल्या असताना, लताबाईंनी कवी प्रदीपांचे 'ऐ मेरे वतन के लोगो' गायिले. पंडित नेहरू गहिवरले. चाल अण्णांची होती. गाणे चित्रपटातले नव्हते; त्यामुळे चित्रपटगीतांच्या शर्यतीत त्याला ना पायदान, ना पुरस्कार. पुढे हिंदीतील कामे आटली. मराठीत 'धनंजय' आणि 'घरकुल' आले. ५ जानेवारी १९८२ रोजी, चौसष्टावा वाढदिवस आठवड्यावर आला असताना, अण्णा गेले.

मते मोजून कळते ते या आठवड्याला काय आवडले, एवढेच. पहिल्या क्रमांकाची कित्येक गाणी आज कुणाला आठवत नाहीत. अण्णांची ही चाल मात्र दर प्रजासत्ताकदिनी शाळेच्या पटांगणात ऐकू येते. तिच्यासाठी कुणी पोस्टकार्ड टाकलेले नसते. ती कुणाची, हे मुलांना सांगण्याचे काम तेवढे आपण मोठ्यांनी करायला हवे.