केरो लक्ष्मण छत्रे

उमरठ म्हटले म्हणजे तानाजी मालुसरे ह्यांचे स्मरण होते, व ते योग्यच आहे. ह्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळील नागाव गावी, १८२५ साली निराळ्या प्रकारच्या एका पराक्रमी पुरुषाचा जन्म झाला. केरो लक्ष्मण छत्रे हे त्यांचे नाव. लोक त्यांस केरूनाना म्हणत.

त्यांचे शिक्षण मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत झाले. प्रोफेसर आर्लिबार ह्यांच्यापाशी त्यांनी गणित व ज्योतिष ह्यांचे अध्ययन केले. मुंबई विश्वविद्यालय १८५७ साली निघाले. त्यामुळे केरूनानांच्या विद्यार्थिदशेत पदवी नव्हतीच. कुलाब्याच्या वेधशाळेत वेध घेता घेता व आकडेमोड करिता करिता त्यांची विद्या दृढ झाली.

वाचकहो, गतिशास्त्राचे नियम थोडे आहेत. ते एका दिवसात पाठ होतात. खरी कसोटी उदाहरण सोडविताना लागते. फळास खाली ओढणारे आकर्षणच चंद्रास आवरून धरिते, असे न्यूटन ह्यांनी १६८७ साली दाखविले. हे कशावरून? पृथ्वीच्या मध्यापासून आपण जितके दूर, त्याच्या साठपट चंद्र दूर आहे. म्हणून तेथे आकर्षण साठ गुणिले साठ, म्हणजे ३,६०० पटींनी कमी. येथे सोडलेला दगड पहिल्या सेकंदात सुमारे १६ फूट पडतो; तर सरळ मार्ग सोडून पृथ्वीकडे तितकेच वळण्यास चंद्रास एक मिनिट लागले पाहिजे. आकाशात पाहावे, तो तसेच घडते! हा हिशेब ज्याने स्वहस्ते केला, त्यासच नियम कळला.

पुढे केरूनाना पुण्यास प्रोफेसर झाले. डेक्कन कॉलेजात बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे शिष्य होते. स्वतःपाशी पदवी नसता त्यांनी पदवीधर घडविले.

जुन्या पंचांगांतील ग्रहस्थिती आकाशाशी जुळत नाही, हे त्यांनी पाहिले. १८६० साली त्यांनी ग्रहसाधनाची कोष्टके प्रसिद्ध केली, आणि आबासाहेब पटवर्धन ह्यांच्या साहाय्याने १८६५ पासून नवे पंचांग काढिले. ते फार थोड्यांनी स्वीकारिले, कारण रूढी सोडणे मनुष्यास जड जाते. तथापि लोकांस रुचावे म्हणून त्यांनी गणित फिरविले नाही. १८८४ साली ते निवर्तले.

आपल्या गावचा मुलगा ही विद्या शिकू लागला, तर नियम पाठ झाले एवढ्यावर संतुष्ट होऊ नका. त्याच्या हाती पाटी द्या, आणि हिशेब त्यासच करू द्या.